गोलमागची जागा

उसवकाकूंचं खरं नाव फक्त बँकेला ठाऊक होतं. बाकी सगळ्यांना त्या उसवकाकू. शिवण जरा वाकडी गेली की गिऱ्हाईक दारात चुळबुळत उभं असलं तरी काकू ती सगळी उसवायच्या आणि पहिल्यापासून शिवायला घ्यायच्या. "असू द्या की काकू, आतल्या बाजूला कोण बघतंय?" असं कुणी म्हटलंच, तर चष्म्यावरून बघत म्हणायच्या, "मी बघतेय ना." नवरा होता तेव्हा तो लोकांना सांगायचा, मला आयुष्यभर एकच धास्ती आहे, एखाद्या दिवशी ही मलाही उसवेल आणि परत शिवेल.

दुकान कॉलेजच्या मागच्या फाटकासमोर. आत दोन मशिनं, कापडाचे गठ्ठे, आणि खिळ्याला टांगलेली मोठी कात्री. त्या कात्रीने कुणी कागद कापला तर काकू आठवडाभर त्याच्याशी बोलत नसत. दुकानातलं निम्मं कापड पिवळं, कारण कॉलेजच्या मुलींच्या फुटबॉल संघाचा रंग पिवळा. आणि गावाला त्या संघाचं असं वेड की लग्नाच्या तारखासुद्धा सामने बघून काढत. संघाचे ट्रॅकसूट काकूंकडे, आणि प्रेक्षकांचे पिवळे गळपट्टेही काकूंकडेच.

या गळपट्ट्यांचा एक अलिखित कायदा होता. मैदानात बाकावर गळपट्टा टाकला की जागा धरली. मग माणूस चहा पिऊन येवो, नाहीतर घरी जाऊन झोप काढून येवो. दुसऱ्याचा पट्टा उचलणं म्हणजे दुसऱ्याच्या ताटातलं खाणं. भांडखोरातला भांडखोर माणूसही उभ्याने सामना बघेल, पण पट्टा उचलणार नाही.

काकूंच्या नवऱ्याची जागा गोलच्या मागे, पहिल्या रांगेत. तो गेल्यावर काकू शेजारी त्याचा पट्टा पसरून बसू लागल्या. टोकाला सिगरेटने पडलेलं भोक काकूंनीच रफू केलेलं. फायनलला माणसांवर माणसं पडलेली असायची, तरी त्या जागेवर कुणी बसलं नाही. गावाचं मन मोठं होतं, हे सांगायलाच हवं. पुढे ते किती लहान झालं हेही सांगायचंच आहे.

शेजारच्या पोस्टमनची मुलगी या संघाची गोलकीपर. बॉल हाताला चिकटला की सुटत नाही म्हणून सगळे तिला डिंकी म्हणत. गोल झाला की गोलकीपरला मागे वळून जाळीतून बॉल काढावा लागतो, आणि त्या वेळी मागचे प्रेक्षक तिचा उद्धार करत असतात. डिंकी वळायची तेव्हा समोर उसवकाकू. ओरडणं नाही, चुकचुकणं नाही. नुसती हनुवटी वर करायच्या. वाकडं गेलं? उसव, परत शीव. डिंकी बॉल काढायची, एक मोठा श्वास घ्यायची आणि परत उभी राहायची.

मग एका सकाळी डिंकी आणि संघातल्या आणखी तिघींनी पोलिसांत तक्रार दिली. प्रशिक्षक सरांविरुद्ध. सराव संपल्यावर एकेकीला कपाटांच्या खोलीत थांबवून सर काय करत होते, ते त्यात होतं. ज्या सरांनी कप आणला, ज्यांच्याकडून कुणी चहाचेही पैसे घेत नसे, तेच सर.

गावाने वेळ लावला नाही. संध्याकाळपर्यंत निकाल तयार होता. न्हावी म्हणाला, "सर तसले नाहीत. मी त्यांची दाढी करतो, मला माणूस कळतो." म्हणजे गालावरून हात फिरवला की काळीज कळतं, असा त्याचा हिशेब. बेकरीवाली म्हणाली, "इतके दिवस काय तोंडाला कुलूप होतं?" टाळी एका हाताने वाजत नाही, हे तर ज्याच्या त्याच्या तोंडी. दुकानांच्या काचांवर कागद लागले, 'सर, आम्ही तुमच्यासोबत'. पोस्टमनच्या हातून लोक पत्रं घेत, पण त्याच्या तोंडाकडे बघत नसत. हा माणूस इतकी वर्षं त्यांच्या सुखदुःखाच्या बातम्या पायी वाहून आणत होता.

उसवकाकूंनी दोन दिवस कुणाचंच ऐकलं नाही, कुणाला काही सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी मशीन बंद केलं आणि शेजारच्या घरात गेल्या. डिंकी खिडकीपाशी बसली होती.

"खरं का गं?" काकूंनी विचारलं.

"हो, काकू."

"बरं," काकू म्हणाल्या. "जेवलीस का?"

काकूंच्या लेखी विषय तिथे संपला. रात्रीची झोप मात्र गेली. त्याच सरांच्या सांगण्यावरून आपण त्या पोरींचे ट्रॅकसूट शिवले, याचा त्यांना संताप यायचा आणि तो कुणावर काढायचा ते कळायचं नाही.

काकूंचे धाकटे दीर लोखंडी सामानाचे दुकानदार, आणि संघाच्या पाठीराख्यांचे अध्यक्ष. खटल्याची तारीख लागली तसे ते पिवळ्या कापडाचा अख्खा तागा खांद्यावर टाकून आले.

"वहिनी, नवे गळपट्टे हवेत. कोर्टात सगळे घालून बसणार आहोत. सरांना धीर पाहिजे."

"नाही शिवणार, भाऊजी."

"का? काम जास्त आहे?"

"काम अजिबात नाही. तरी नाही शिवणार."

भाऊजी तागा घेऊन उभेच राहिले. मग म्हणाले, "दादा असता तर पहिला पट्टा त्याने घातला असता." हे लागलं. तो असता तर त्याने काय केलं असतं, हे काकूंना खरोखरच माहीत नव्हतं. पट्टे शेवटी दुसऱ्या शिंप्याने शिवले. काठ न दुमडता. काकूंना त्याचाही राग आला.

साक्षीच्या आदल्या संध्याकाळी डिंकी दुकानात आली आणि स्टुलावर बसली. न्यायाधीशांनी तिला दार बंद ठेवून साक्ष देण्याची मुभा दिली होती. तिनेच नको म्हटलं होतं. "गाव वर्षभर माझ्याबद्दल बोलतंय," ती म्हणाली, "आता माझ्या तोंडून ऐकू दे." पण आता तिच्या मनात दुसरंच काही होतं.

"आईबाबांना आत येता येणार नाही, काकू. तेही साक्षीदार आहेत. स्वतःची साक्ष होईपर्यंत बाहेर बसायचं. त्या तिघींनाही तसंच. म्हणजे माझ्या बाजूचं आत कुणीच नाही. साक्षीला उभं राहिलं की तोंड बाकांकडे येतं. काल दारातून बघून आले मी. सगळे बाक पिवळे." मग हळूच म्हणाली, "माझ्या तोंडून शब्दच फुटणार नाही."

"एक तोंड पुरेल?" काकूंनी विचारलं.

"तुमचं पुरेल."

सकाळी काकू कोर्टात पोहोचल्या तर दालनात माणूस नव्हता, पण एकही जागा रिकामी नव्हती. पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत गळपट्टे पसरलेले. मंडळी पट्टे टाकून समोर चहा प्यायला गेली होती. मैदानाचा कायदा त्यांनी उचलून जसाच्या तसा कोर्टात आणून ठेवला होता, आणि त्यात काही वावगं आहे हे कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं. काकूसुद्धा क्षणभर सवयीने थबकल्या. इतक्या वर्षांत त्यांनी कुणाचा पट्टा उचलला नव्हता.

मग त्या पहिल्या बाकाशी गेल्या आणि पट्टे उचलायला लागल्या. एकेक उचलून, काठाला काठ जुळवून घडी. काही त्यांच्याच हातचे होते, काही त्या दुसऱ्या शिंप्याचे. घड्या दोन्हींच्या सारख्याच नीट घातल्या.

दाराशी कोर्टाचा शिपाई होता. त्याच्याही घरी पिवळा पट्टा होताच. तो घाईने आला. "अहो बाई, पट्टा टाकलाय तिथे."

"दिसतोय की. मीच शिवलाय."

"मग जागा धरलेली आहे ना."

"हा नियम न्यायाधीशांनी केलाय का?"

शिपाई विचारात पडला. "नाही," तो म्हणाला. "तो मैदानाचा आहे."

"मग मैदानात पाळू," काकू म्हणाल्या आणि बाकाच्या मधोमध बसल्या.

माणसं परत आली. कुजबुज झाली, मग कुजबुजीची कुरकुर झाली, पण काकूंना बोलायला कुणी पुढे होईना. शेवटी भाऊजी आले. काकूंनी घड्यांची चळत त्यांच्या हातात दिली.

"वहिनी, चारचौघांत हे शोभतं का?"

"त्या चौघी इथे नाहीत, भाऊजी. बाहेर बसायला लावलंय त्यांना. आणि मी उठणार नाही."

"ठीक आहे. तुम्ही बसा. बाकीची जागा आमची आहे." ते वाकून पुन्हा पट्टे पसरणार, तेवढ्यात काकूंनी पिशवीतून नवऱ्याचा गळपट्टा काढला आणि आपल्या शेजारी पसरला. जुना, धुऊन धुऊन फिका झालेला, टोकाला रफू.

"तुमचा दादा इथे बसलाय," त्या म्हणाल्या. "या पोरीच्या आईची साक्ष झाली की तो तिला जागा देईल. तुम्हाला चालत नसेल तर उचला. मी अडवणार नाही."

भाऊजींनी त्या रफूकडे पाहिलं. ते भोक पडलं त्या दिवशी दोघे भाऊ शेजारी शेजारी बसले होते. त्यांचा हात थोडा पुढे झाला आणि तिथेच राहिला. मग चळत छातीशी धरून ते मागच्या रांगेत गेले. पहिल्या बाकावर दुसरं कुणीही बसलं नाही.

सरांना आणून बसवलं. त्यांनी मान वळवून काकूंकडे पाहिलं आणि ट्रॅकसूटची मापं देताना हसायचे तसेच हसले. काकू हसल्या नाहीत. त्यांनी पिशवी मांडीवर घट्ट धरली. भीती वाटत होती, आणि उठायचं नाही हेही पक्कं होतं.

डिंकीला बोलावलं. ती खाली बघत आली, खाली बघतच उभी राहिली. शपथ पुटपुटली. सरकारी वकिलांनी नाव विचारलं. तिचे ओठ हलले, आवाज आला नाही. मागे कुणीतरी मुद्दाम खोकलं, कुणीतरी हसलं. वकिलांनी परत विचारलं, "नाव सांगा. जरा मोठ्याने."

डिंकीने मान वर केली. पिवळंच पिवळं. आणि त्या सगळ्याच्या पुढे, गोलमागे असायच्या तशाच, उसवकाकू. शेजारी तोच फिका पट्टा, शेजारची जागा तशीच. काकूंनी हनुवटी वर केली.

डिंकीने मोठा श्वास घेतला आणि नाव सांगितलं. शेवटच्या बाकापर्यंत गेलं. वकिलांनी पुढचा प्रश्न विचारला, मग त्याच्या पुढचा. ती सांगत गेली. एकदा रडली, थांबली, पाणी प्यायली आणि जिथे थांबली होती तिथूनच परत सुरू झाली. कपाटांची खोली, आतून लावलेली कडी, सगळं. काकू हलल्या नाहीत. मागे खोकणारा आता खोकत नव्हता. भाऊजी घड्या घातलेले पट्टे मांडीवर घेऊन बसले होते, आणि त्यांना ते सगळं ऐकावं लागलं.