कमान नको, बस द्या

किसन सर शांत, संयमी वगैरे अजिबात नव्हते.

उस्मानपुऱ्याच्या चौकात ज्यांनी तसा फ्लेक्स लावलाय, त्यांनी तो आजच्या आज उतरवावा.

सरांच्या शोकसभेवरून आत्ताच घरी आलेय. डोकं गरम आहे. पोस्ट लांबली तर लांबली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. सर लासूर स्टेशनच्या शाळेत गणित शिकवायचे. पुढं शिक्षकांनी त्यांना निवडून विधान परिषदेवर पाठवलं. म्हणजे वरच्या सभागृहात.

लोक म्हणायचे, तिथं माणूस जातो आन् गारेगार झोपतो.

सर ना स्वतः झोपले, ना कुणाला झोपू दिलं.

निजामावर पोलीस ॲक्शन झाली तेव्हा ते उर्दू शाळेत दुसरीला होते. त्यामुळं भाषणात ‘इन्साफ’, ‘जवाब’ यायचंच. सभागृहातले काही सदस्य हसायचे. सर म्हणायचे, “हसू द्या की. कळतंय ना?”

अधिवेशनाआधी त्यांची एक पद्धत होती. लासूरच्या बाजारात रशीदचाचाच्या बांगड्यांच्या दुकानापुढं उभं राहायचं, आणि सभागृहात जे बोलायचंय ते आधी तिथं बोलायचं. बाया भाजी घेता घेता ऐकायच्या.

चाचा मधेच तोडायचा. “सर, इत्ता घुमाके नको बोलो. सीधा पूछो.”

सर ते वाक्य तिथंच गाळायचे. मंत्र्याला कधी भ्यायले नाहीत, चाचाला मात्र भ्यायचे.

आता माझं ऐका.

आमच्या वाडीत सातवीपर्यंत शाळा. पुढची लासूरला, आणि जायला बस नाही. पोरं सायकलवर जायची. पोरी घरी बसायच्या.

सातवी झाली आणि मीही बसले. आत्यानं तर स्थळंसुद्धा बघायला घेतली होती.

सरांनी सभागृहात प्रश्न टाकला. बस नसल्यामुळे या गावातील मुलींना शाळा सोडावी लागली, हे खरे आहे काय?

छापील उत्तर आलं. “हे खरे नाही.”

अरे वा! मी इथं चुलीपुढं फुंकणी घेऊन बसलेली, आणि मंत्री म्हणतात खरे नाही.

सर घरी आले. माझ्या वडलांना म्हणाले, “आण्णा, पोरीला घेऊन नागपूरला चला. खोटं कोण बोलतंय ते बघूच.”

हिवाळी अधिवेशन. मी आणि आण्णा वर गॅलरीत, आण्णांनी टोपी हातात धरलेली. खाली सर बोलायला उठले. मंत्री शेजारच्याशी गप्पांत दंग. हसणं-खिदळणं चालू.

आणि सरांच्या तोंडून गेलं, “ए! काय चाललंय तिकडं? उभा राहा!”

सगळा जन्म वर्गात जे म्हटलं, ते मंत्र्याला म्हणून बसले.

खोटं नाही सांगत, मागच्या बाकावरचे एक आमदार दचकून खरंच उभे राहिले.

मग जो काय गोंधळ झाला! माफी मागा, माफी मागा. बाकं वाजायला लागली. आण्णा माझा हात ओढत म्हणाले, “चल गं, आपल्याला पण धरतील.”

सभापती म्हणाले, सन्माननीय सदस्यांनी शब्द मागे घ्यावेत.

सरांनी चष्मा पुसला. “सभापती महोदय, ‘उभा राहा’ हे शब्द मी मागे घेतो. मंत्र्यांनी बसून बोलावं. पण जवाब द्यावा. जिची शाळा सुटलीच नाही असं ते म्हणतात, ती पोरगी वर बसलीय. शाळेच्या वेळेला इथं बसलीय.”

गॅलरीकडं बोट दाखवायचं नसतं म्हणे तिथं. त्यांनी दाखवलं.

मला तर रडूच आलं. मंत्र्यांनी वर बघितलं आणि हळूच उभे राहिले. पुढच्या जूनपासून बस सुरू करतो म्हणाले.

बस आली. खडखडणारी, लाल, आमची. मी आठवीत गेले. आज काळा कोट घालून कोर्टात भांडते, ते त्या बसमुळं.

सरांना पुढच्या वेळी पक्षानं तिकीट दिलं नाही. कारण काय तर लई बोलतात.

आणि आता फ्लेक्सवर शांत, संयमी!

आजचं सांगते. स्टेजवर साहेब होते. नाव लिहीत नाही, फ्लेक्सवर सरांपेक्षा त्यांचाच फोटो मोठा आहे. म्हणाले, सरांच्या स्मरणार्थ वाडीच्या फाट्यावर भव्य कमान उभारू. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत टाळ्या!

त्या फाट्यावर आता बस येत नाही. प्रवासी मिळत नाहीत म्हणून बंद केली. माझ्या चुलतभावाची पल्लवी आठवीत जायची होती. जूनपासून घरी आहे. कोंबून भरलेल्या जीपमध्ये पोरीला पाठवायला घरचे तयार नाहीत, आणि मी त्यांना नावं ठेवणार नाही.

मग श्रद्धांजलीसाठी सगळे उभे राहिले. साहेबही. झालं, निवेदक म्हणाला, बसून घ्यावं.

मी म्हटलं, “साहेब, बसू नका. उभेच आहात तर जवाब द्या. बस बंद झाल्यामुळे वाडीच्या मुलींची शाळा सुटली, हे खरे आहे काय?”

कुणीतरी ओरडलं, “ओ ताई, ही काय वेळ आहे व्हय?”

मागून काठी टेकत रशीदचाचा म्हणाला, “सीधा पूछी है. बैठो मत, साब.”

समोर सरांच्या पत्नी, आमच्या काकू होत्या. गुडघे गेलेले, पण बसल्या नाहीत. मग कुणीच बसलं नाही.

साहेब घाम पुसत म्हणाले, “सोमवारी डेपोत बोलतो.”

मी म्हटलं, “या. आम्ही तिथंच आहोत. पल्लवी दप्तर घेऊन येईल.”

तेव्हा मंडळी, कमेंटमध्ये नुसते हात जोडू नका. सोमवारी सकाळी डेपोत या.

सर, तुमचा प्रश्न आम्ही मागे घेतलेला नाही.

भावपूर्ण श्रद्धांजली. उभं राहून.