तकलाकोटची वीट

हसायचंच असेल तर आधी हसून घ्या, म्हणजे मला सलग सांगता येईल. कारण मी जे करून ठेवलं ना, ते आमच्या सासरच्या सात पिढ्यांत कुठल्या सुनेने केलं नसेल. साक्षात सासऱ्यांना आणि त्यांच्या जोडीला आमच्या जर्मन घरमालकिणीला मी चहा म्हणून काय पाजलं, ते ऐकाच.

दोन हजार पाच-सहाचा सुमार. आम्ही डार्मश्टाटला नवीन. मिलिंद, म्हणजे माझा नवरा, सॉफ्टवेअर कंपनीत. वरच्या मजल्यावर आम्ही आणि खाली घरमालकीण फ्राऊ केलर. सत्तरीची, एकटी, काठीसारखी ताठ बाई, आणि बागेची इतकी वेडी की सकाळी गुलाबांना ‘गुटन मॉर्गन’ केल्याशिवाय स्वतः कॉफी घेत नसे.

आधीच्या घरमालकाने आम्हाला फोडणीच्या वासावरून बाहेर काढलं होतं. त्यामुळे फ्राऊ केलरना मी किती जपायची म्हणून सांगू! त्या म्हणाल्या, बाल्कनीत जिरेनियम हवेत. हवेत तर हवेत! लगेच चार कुंड्या आणल्या. त्यांनीच मग एक तपकिरी वीट आणून दिली. “ही नारळाच्या भुशाची, बादलीभर कोमट पाण्यात भिजवायची. छान फुलते, भुसभुशीत माती होते.” मी म्हटलं, “या, या, गेनाऊ!” म्हणजे, हो हो, अगदी बरोबर! माझं निम्मं जर्मन तेवढंच होतं.

त्याच शनिवारी आप्पा आले. माझे सासरे. वीज मंडळातून निवृत्त झालेले इंजिनिअर, चिंचवडचे. अत्यंत मोजकं बोलणारा माणूस. पण आदल्या वर्षी कैलास-मानसरोवर करून आले आणि त्यांना वाचा फुटली. आणि गंमत बघा, बोलायचे ते कैलासाबद्दल नाही, मानसरोवराबद्दलही नाही. बोलायचे ते तकलाकोटबद्दल!

लिपुलेख खिंड चढून पलीकडे तिबेटात उतरलं की पहिलं गाव लागतं ते तकलाकोट. यात्रेकरू तिथे दोन दिवस थांबतात, कागदपत्रं दाखवतात, पैसे बदलून घेतात आणि पुढे निघतात. आप्पा देहाने पुढे निघाले, मनाने तिथल्या बाजारातच राहिले.

“अगं मेधा, काय बाजार तो!” ते सांगायचे. “चारी बाजूंना उघडे डोंगर, खाली नदी. नेपाळकडून आलेले व्यापारी लाकडी वाडगे मांडून बसलेत, लोकरीचे ढीग पडलेत. मी थंडीने असा काकडत होतो की दात वाजल्याचा आवाज शेजाऱ्याला जावा. तर एका दुकानातल्या बाईने हाताला धरून शेगडीपाशी बसवलं. मीठ आणि लोणी घातलेला चहा पुढे केला. ना ओळख, ना भाषा! तीन वाडगे प्यायलो, तेव्हा कुठे जिवात जीव आला.”

निघताना त्या बाईकडून त्यांनी त्याच चहाची एक वीट घेतली. तिकडे चहा दाबून विटा करतात. बाकीचं सामान घोड्यावर लादलं, पण वीट स्वतःच्या पाठीवर घेऊन माणूस लिपुलेख उतरला! घरी सासूबाईंना हात लावू दिला नाही. आणि मिलिंदने फोनवर सांगितलं होतं की आमच्या घरमालकिणीला देशोदेशीचे चहा आवडतात, म्हणून ती तशीच्या तशी तिच्यासाठी जर्मनीला आणली. आता बोला!

आप्पा आल्या आल्या झोपले. मी बॅग उघडली, तर मेतकुटाची पिशवी फुटलेली. शर्ट, मफलर, चष्म्याचं घर, सगळं मेतकूट! विटेवरचा चिनी अक्षरांचा कागदही त्यात माखलेला. मी तो काढून टाकला, वीट पुसली आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवली. कुठे? तर फ्राऊ केलरच्या विटेशेजारी.

मग मी कपडे धुवायला गेले. तासाभराने परत आले, तर टेबलावर दोन विटा. दोन्ही तपकिरी, दोन्हींत काड्या, आणि दोन्हींना मेतकुटाचा वास. म्हटलं, डावीकडची आप्पांची. का डावीकडची? आजतागायत मला सांगता आलेलं नाही. पण इतक्या खात्रीने मी आयुष्यात दुसरं काही ठरवलं नसेल. डावीकडची चकचकीत कागदात बांधली, वर रिबीन लावली. उजवीकडची बादलीत टाकली.

वीट काही फुलेना. बाहेरचा थर सुटला, पाणी काळंभोर झालं, आणि आतला गाभा दगडासारखा. मी तो काढून कठड्यावर वाळत ठेवला, सुटलेला लगदा कुंड्यांत भरला आणि मिलिंदला म्हटलं, “जर्मन माल, जर्मन माल म्हणतोस ना? बघ, पाण्याला रंग सुटतोय!”

रविवारी दुपारी चार वाजता फ्राऊ केलर आल्या, हातात रुबार्बचा केक. आप्पांनी कोट घातला होता. दोन्ही हातांनी त्यांनी ते रिबीनवालं पुडकं पुढे केलं आणि माझ्याकडे वळून म्हणाले, “सांग त्यांना, तकलाकोटहून आणलंय. आणि चहा मी करणार, तशाच पद्धतीने.”

सासरे आणि स्वयंपाकघरात! मिलिंदने फोटो काढला.

आप्पांनी विटेचा कोपरा तोडून पातेल्यात टाकला. पाणी उकळायला लागलं, आणि तुकडा फुगायला लागला. फुगला, फुगला, झाकण उचलून वर आला!

“आप्पा, तिकडे पण असाच फुगायचा?” मिलिंदने विचारलं.

आप्पा क्षणभर विचारात पडले. पण इंजिनिअर ना! “तिकडे उंचीवर पाणी लवकर उकळतं, पुरेसं तापतच नाही. इथे पूर्ण उष्णता मिळतेय, म्हणून पान नीट उमललं. अस्सल मालाची खूण आहे ही!”

मी मान डोलावली. गाळताना गाळणं तीनदा तुंबलं, तरी मी मान डोलावतच होते. मीठ पडलं, लोण्याचा गोळा पडला, आप्पांनी रवीने घुसळलं आणि चार कप भरले.

फ्राऊ केलरनी घोट घेतला. खूप वेळ तोंडात ठेवला. “आल्झो… इंटरेसांट. झेअर एर्डिग.”

“काय म्हणतात?” आप्पांनी उत्सुकतेने विचारलं.

“म्हणतात, मातकट चव आहे.”

“बरोबर!” आप्पांनी मांडीवर थाप मारली. “तिबेटची माती आहे त्यात! जाणकार आहे हो बाई!”

जाणकार बाईंनी कप संपवला, अगदी तळापर्यंत. मग जिरेनियम बघायला म्हणून बाल्कनीत गेल्या. बराच वेळ आल्या नाहीत. आल्या तेव्हा चिमूटभर ओला चोथा बोटांत धरलेला. हुंगत होत्या.

“फ्राऊ मेधा,” त्या शांतपणे म्हणाल्या, “तुमच्या कुंड्यांना चहाचा वास का येतोय?”

तुम्हाला सांगते, कानात एकदम घंटा वाजायला लागल्या. न फुललेली वीट, झाकण उचलणारं पातेलं, तुंबलेलं गाळणं, सगळं एका ओळीत येऊन डोळ्यांसमोर उभं राहिलं. मिलिंदने माझ्याकडे पाहिलं आणि त्याला कळलं. त्याने लगेच स्वतःच्या कपाकडे पाहिलं.

“आप्पा,” मी म्हटलं. “आप्पा, आपण प्यायलो तो चहा नव्हता.”

“मग?”

“कुंडीत घालायची माती होती. नारळाच्या भुशाची.”

आप्पांनी कप खाली ठेवला. माझ्याकडे नीट निरखून पाहिलं.

“तू रत्नागिरीची ना गं?” ते म्हणाले. “काथ्याचा भुसा तुला ओळखू आला नाही?”

आमच्या परसात काथ्याचे ढीग पडायचे!

“आणि चहा?” त्यांनी विचारलं.

“कुंड्यांत.”

ते उठले आणि बाल्कनीत गेले. त्यांची पाठमोरी आकृती बघून मला रडूच कोसळलं. त्या पाठीवरून खिंड उतरवून आणलेली वीट मी फुलझाडांना घातली होती! फ्राऊ केलरना मी मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये सगळं सांगितलं, त्या बाजारातल्या बाईसकट. वाटलं, आता आपलं सामान बांधायला घ्यावं. तर त्या ताठ बाईचे खांदे हलायला लागले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. “माझीच माती मला पाजलीत! मग मला आता पाणी घालणार की खत?”

तेवढ्यात आप्पा आत आले. हातात कठड्यावर वाळत ठेवलेला तो दगडासारखा गाभा. “एवढा वाचलाय,” ते म्हणाले.

त्यांनी पातेलं घासून घेतलं, पुन्हा पाणी ठेवलं. या वेळी काही फुगलं नाही. रंग उतरला, धुरकट वास सुटला. मीठ, लोणी, रवी. आप्पांनी पहिला घोट घेतला आणि डोळे मिटले. मी घाबरून बघत होते. मग हळूच म्हणाले, “हा. हाच.” आणि माझ्या डोक्यावर एक टपली मारली. एवढीच शिक्षा!

फ्राऊ केलरनीही घोट घेतला. चेहरा ताठच ठेवला, पण माझ्याकडे झुकून अगदी हलक्या आवाजात म्हणाल्या, “खरं सांगू? पहिला बरा होता.”

“काय म्हणतात?” आप्पांनी विचारलं.

“म्हणतात, असा चहा जन्मात प्यायल्या नव्हत्या,” मी म्हटलं. खोटं कुठे होतं त्यात?

आप्पा खूश झाले. मिलिंद छताकडे बघत बसला. आणि मी त्या खारट, धुरकट, तुपकट कपात तोंड घालून गप्प राहिले. कारण काय आहे, फ्राऊ केलरनी निदान शिष्टाचार म्हणून एकच कप संपवला होता. मी तर मातीचा दुसरा कप मागून घेतला होता!