मधला पांढरा थर

माझे दिवाकरकाका रायपूरच्या उरला औद्योगिक भागातल्या एका कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झाले आणि भनपुरीत शेड भाड्याने घेऊन त्यांनी दोन माणसांचं विमान बांधायला काढलं. अख्ख्या रायपुरातल्या नातेवाइकांनी टिंगल केली, मीही केली. विमलाकाकू मात्र डबा घेऊन रोज त्यांच्याबरोबर जायच्या. इंजिनाच्या ॲल्युमिनियमच्या भागांवर कार्बनचं काळं कापड राळेने चिकटवायचं काम त्यांचं. मधे काचेच्या धाग्याचं पांढरं कापड घालावंच लागतं. नाहीतर ओल लागली की कार्बन ॲल्युमिनियमला खातो. काका घायकुते, त्यांना या थराची आठवण करून द्यावी लागे. काकूंना कधीच नाही.

गेल्या वर्षी कळलं की काकूंची स्मृती चालली आहे. डॉक्टर म्हणाले, हळूहळू घरच्यांनाही ओळखणार नाहीत. तेव्हापासून काकांचा एकच हट्ट होता: काकू आपल्याला 'अहो' म्हणताहेत तोवर इंजिन सुरू झालेलं त्यांनी ऐकायचं.

या मार्चमध्ये इंजिन जोडून झालं. काकूंना खुर्चीवर बसवलं. इंजिन दोनदा खोकलं आणि बंद पडलं. काकांनी हवेची नळी उतरवली. कार्बनच्या नळीखालचं ॲल्युमिनियमचं कडं पांढऱ्या भुकटीने भरलं होतं. बोट लावलं तर तुकडाच हातात आला. मधलं कापड नव्हतंच.

मी म्हटलं, घाईत तुमच्याकडून राहिलं असेल. काकांनी नळी उलटी करून माझ्यापुढे धरली. नळीवर काकूंच्या अक्षरात तारीख होती, तीन वर्षांपूर्वीच्या पोळ्याची. त्या पोळ्याला काकूंनी पुरणात मीठ घातलं होतं, आणि काकांनी तो किस्सा वर्षभर लग्नकार्यांत रंगवून सांगितला होता. हसणाऱ्यांत मी सगळ्यांच्या पुढे. दुखणं तेव्हाच घरात शिरलं होतं आणि आम्ही खिदळत होतो. अजूनही मला स्वतःची चीड येते.

नवं कडं, नवी नळी म्हणजे चार महिने. काका तिथेच फरशीवर बसले. काकू उठून आल्या, नळी हातात घेऊन आत बघितलं.

"मधात पांढरं कापड नाही टाकलं कोणी," त्या म्हणाल्या.

"माझ्याकडून राहिलं," काका म्हणाले.

काकूंनी नळी त्यांच्या हातात ठेवली.

"आमच्या घरी हे काम मीच करते, भैया. मले बोलवायचं न."

काकांनी मान हलवली. "हव," ते म्हणाले, "पुढच्या वेळी बोलावतो."