हलगी आबांकडे, काडीपेटी माझ्याकडे

पन्हाळ्याहून पावनखिंडीपर्यंत चालत जायचं ठरलं की आमच्या गावच्या ग्रुपमध्ये पहिलं भांडण होतं ते गाण्यावरून. तरण्या पोरांना गळ्यात अडकवायचा स्पीकर लागतो. माझ्या वडिलांचं, म्हणजे आबांचं, हलगीशिवाय पाऊल उचलत नाही. हलगीही चामड्याचीच हवी. फायबरचं पान लावलेली हलगी भिजली तरी वाजते, हे मी त्यांना किती वेळा सांगितलं असेल. त्यांचं उत्तर ठरलेलं असायचं. "डबडं हाय ते. तुझं तू वाजीव जा."

चामड्याला ओल लागली की ते सैल पडतं आणि आवाज बसतो. मग जाळावर हलगी शेकायची, की पुन्हा पहिल्यासारखी कडाडते. पण भर पावसाळ्यात डोंगरावर कोरडं जळण कुठलं मिळायला? म्हणून आमची वाटणी कधीच होऊन गेली होती. हलगी आबांच्या खांद्याला, आणि उसाचं वाळलेलं पाचट नि काडीपेटी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून माझ्या सॅकमध्ये. हलगी सगळ्यांच्या पुढे चालायची. धुक्यात कुणी मागे राहिलं तर त्यानं आवाजाच्या रोखानं यायचं. मी तर दरवर्षी तसाच पोचायचो. दिवसभर ऑफिसच्या खुर्चीत बसणारं माझं ढुंगण, आणि त्यांचे पाय शेतात चालून घडलेले.

अलीकडे आबांचं डोकं दगा द्यायला लागलं होतं. गडमुडशिंगीत ज्या गल्लीत त्यांचा जन्म गेला, त्याच गल्लीत डेअरीला दूध घालून येताना ते दुसऱ्याच्या गोठ्यात शिरले आणि त्याच्या म्हशींना वैरण टाकत बसले. गाव हसलं, आम्हीही हसलो. पुढे त्यांनी माझ्या बायकोला "तू कुणाची गं?" असं विचारलं, तेव्हा हसणं बंद झालं. मला मात्र ते ओळखायचे. माझ्याशी रोज भांडायचे, आणि तेवढ्यावर मी निश्चिंत होतो. या वर्षी चालायला जायचं नाही, असं मी स्पष्ट सांगितलं होतं. निघायच्या दिवशी ते हलगी खांद्याला लावून दारात उभे. आमच्या घरात माझं कधी काही चाललंय? शिवाय खरं सांगायचं तर वाट विसरणारा तो माणूस ठेका एकदाही चुकत नव्हता. हात तरी शाबूत आहेत, म्हटलं, जाऊ दे.

त्यांना नजरेआड होऊ द्यायचं नाही, एवढंच माझं काम होतं. पण मसाई पठारावर धुकं उतरलं की नजरेचा काही उपयोग नसतो. स्वतःचे बूट दिसत नाहीत. पठारावर झाड नाही, कठडा नाही. सपाट जमीन चालता चालता संपते आणि खाली दरी.

पठार चढायच्या आधी एका खोपटात आम्ही हलगी चांगली शेकून घेतली होती. आबा वाजवत पुढे निघाले, मी त्यांच्या मागे. पाऊस बारीक होता, पण थांबत नव्हता. बघता बघता आमच्यातलं अंतर वाढलं. आधी हलगीचा कडकडाट येत होता. मग ठेका तोच राहिला, पण आवाज मऊ पडत गेला, भिजल्या पोत्यावर काठी मारावी तसा. "आबा, थांबा, शेकूया," मी ओरडलो. थोडा वेळ थपथप ऐकू आली. मग तीही थांबली.

पठारावरच्या देवळाच्या आडोशाला, धुक्यात मला ओलांडून पुढे गेलेली आमची पोरं उभी होती. मला एकट्याला बघून एकजण म्हणाला, "आबा तुमच्याबरोबर न्हाईत व्हय?"

हाका मारमारून घसे बसले. आबा फोन बाळगत नाहीत, आणि बाळगला असता तरी तिथं रेंज नव्हती. एका पोरानं आबांना ऐकू जावं म्हणून स्पीकर मोठ्यानं लावला. मी त्याच्यावर खेकसलो, "बंद कर ते. आबांनी वाजवलं तर आपल्याला ऐकू येईल काय?" त्यानं मुकाट्यानं बंद केला. मग फक्त वारा, आणि रेनकोटवर पडणारा पाऊस. वाटलं, लावलेला बरा होता. लावायला सांगू की नको, हेही मला ठरवता येईना. पाठीवर कोरडं पाचट होतं, काडीपेटी होती, आणि ज्याला ती हवी होती तो धुक्यात कुठंतरी मुकी हलगी घेऊन बसला होता. मला रडू आलं. पोरांसमोर आलं, पण त्याचं काही वाटलं नाही.

आम्ही हातात हात धरून ओळीनं पठार शोधत निघालो. तळ्याच्या पलीकडे, कड्यापासून थोड्याच अंतरावर, एका खडकाला टेकून आबा बसलेले दिसले. सदऱ्याच्या आत हलगी पोटाशी धरली होती. अंगाच्या उबेवर चामडं वाळवत होते. मधेच ती बाहेर काढून तिच्यावर काडी मारायचे. आवाज माझ्यापर्यंत कसाबसा आला, मी पुढ्यात उभा असताना.

माझा हात सोडून पोरं मागे थांबली. मी आबांसमोर बसलो. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं.

"पावणं, काडीपेटी हाय काय?" ते म्हणाले. "हलगी उतरलीया. माझं पोरगं मागं ऱ्हायलंय की. वाजीवल्याबिगर त्येला वाट घावायची न्हाय."

"हाय की," म्हणालो. सॅकमधून पाचट काढलं. पोरांनी चारी बाजूंनी रेनकोट धरले, आणि मी जाळ केला. आबांनी हलगी फिरवून फिरवून शेकली, अंगठ्यानं चामडं दाबून बघितलं, मग उठून ज्या वाटेनं आलो तिकडे तोंड करून उभे राहिले.

हलगी अशी कडाडली की पोरांनी कानांवर हात ठेवले. आबा वाजवत राहिले. मधे थांबायचे, धुक्यात बघायचे, आणि पुन्हा वाजवायचे.

मी त्यांच्या शेजारीच उभा होतो.