मोजणीच्या मातीत बादलीभर दूध

गोबी वाळवंटाच्या सपाट माळावर, खोर्लूच्या तंबूपासून चाळीस पावलांवर, तारेचं कुंपण होतं. आत मातीत दोन सळया पुरलेल्या. एक गारवा-उष्मा सांगायची, दुसरी ओल. वरून जाणारा उपग्रह माळाची ओल मोजतो. तो खरं मोजतो का, ते या सळया ठरवायच्या. माळ निवडला तो तिथं काही बदलत नाही म्हणून.

नऊ वर्षं खोर्लू रोज सकाळी आकडे वहीत उतरवत होती. नवरा गेला त्या सकाळीही उतरवले. राजधानीतले पदवीवाले तिला नुसती राखणदार म्हणत. मी तिची शेजारीण, माझं डोकं फिरायचं. तिचं नाही.

जूनमध्ये घरात उरलेली शेवटची मुलगी सोलोंगो कोरियाला कामाला गेली. जाणाऱ्याच्या मागे दूध शिंपडायचं, ही आमची रीत. जीप पूर्वेला गेली, कुंपणही पूर्वेलाच. खोर्लू लाकडी पळीनं शिंपडत चालत राहिली. जीप दिसेनाशी झाली तेव्हा ती कुंपणाच्या आत उभी होती आणि बादली उपडी होती. कधी केली, तिला आठवेना. मग तिनं आकडे उतरवले.

तीन आठवड्यांनी राजधानीतून तोमोर इंजिनियर आला.

"मावशी, आठ तारखेला पाऊस झाला होता ना? सळई म्हणते ओली, उपग्रह म्हणतो कोरडी. पाऊस असेल तर उपग्रह चुकला, त्याचे आकडे आम्ही सुधारू."

"पाऊस नव्हता."

"मग सळईचा भरवसा गेला. ही जागा मोजणीतून काढावी लागेल. नीट आठवून बघा."

मी तिच्या कानाशी लागले, "लिही की पाऊस! यांच्या बापाचं काय जातंय?"

"चांगल्या उपग्रहाला आंधळा ठरवतील," खोर्लू म्हणाली. मग त्याला, "दूध होतं. बादलीभर. मीच ओतलं."

"दूध? उपग्रहाच्या नावानं?"

"सोलोंगोच्या."

तोमोरचं हसू अर्ध्यात राहिलं. "त्याची एक नजर चाळीस किलोमीटरची, मावशी. तुमची बादली त्याला कुठली दिसायला!"

"माहीत आहे." मग मला, "वही आण."

तिनं लिहिलं: आठ जून, दूध.

दूध प्यायलेली माती मोजणीला चालत नाही म्हणून ऑगस्टमध्ये सळया उपटून दुसऱ्या कुणाच्या माळावर नेल्या. कुंपणाच्या खांबांचे चार खड्डे उरले. ती अजून सकाळी तिथं जाते, उभी राहते, परत येऊन आमच्याकडच्या खारट चहात मीठ टाकते.

"काय आकडा आज?" मी एकदा चिडून विचारलं.

"कालचाच," ती म्हणाली, आणि माझ्यापुढं चहाची वाटी सरकवली.