तीनपाशी सहा की सात

अकरावीच्या चाचणीचा गणिताचा पेपर मी स्वतः टाइप केला होता. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण चूक सापडली तेव्हा पहिल्यांदा माझ्या मनात आमच्या क्लार्कचंच नाव आलं.

चौथ्या प्रश्नात एक फंक्शन तुकड्यांत दिलं होतं. x तीनपेक्षा कमी असेल तर x + ३, बरोबर तीन असेल तर k, आणि तीनपेक्षा जास्त असेल तर २x + १. हे फंक्शन तीनपाशी सलग आहे, तर k ची किंमत काढा. चार मार्क. डावीकडून तीनच्या जवळ जात काय मिळतं ते बघायचं, उजवीकडून काय मिळतं ते बघायचं, दोन्ही एकच आलं की तेच k. माझ्याकडच्या उत्तरात सहा लिहिलेलं होतं.

वर्गातल्या बहुतेकांनी सहा लिहिलं. त्यांना चार मार्क दिले. काहींनी सात लिहिलं, त्यांना शून्य. वर्षभरात वर्गात एकदाही तोंड न उघडलेल्या एका मुलीनं लिहिलं होतं, ‘k ची कोणतीही किंमत घेतली तरी हे फंक्शन तीनपाशी सलग होत नाही.’ तिलाही शून्य दिलं. वर लाल शाईत ‘प्रश्न नीट वाचा’ असा शेरा मारला.

पेपर वाटले त्याच दिवशी ती स्टाफरूममध्ये आली.

“सर, चौथा परत बघता का?”

“उत्तर सहा आहे.”

“डावीकडनं सहा येतंय. उजवीकडनं सात येतंय की.”

“उजवीकडं काय घेतलंस तू?”

“तुम्ही दिलंय तेच. तीन दुणे सहा, आणि एक, सात.”

मी छापील पेपर बघितला. मला नुसतं २x द्यायचं होतं. जुन्या पेपरातून उचलताना तो ‘+ १’ सोबत आला होता. बावीस वर्षं मी हा धडा शिकवतोय.

“ठेवून जा. बघतो,” मी म्हणालो.

“कधी?”

“उद्या.”

ती गेल्यावर शेजारी बसलेल्या रसायनशास्त्राच्या मॅडम म्हणाल्या, “सगळ्यांना चार देऊन टाका की. मिटलं.” मला हे पटलं, कारण त्यात कुणाला काही सांगावं लागत नव्हतं. पण त्या मुलीला ‘उद्या बघतो’ असं सांगून बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी वर्गात प्रश्न फळ्यावर लिहिला आणि म्हणालो, “हा प्रश्न चुकलाय. माझ्याकडून.”

सात लिहिलेल्यांपैकी एकजण उठला. “म्हंजे आमचं बरोबर हाय न्हवं, सर?”

“नाही. सहाही चूक, सातही चूक.”

“मग मार्क?”

“सगळ्यांना चार.”

वर्गानं टाळ्या वाजवल्या. माझ्या चुकीला मिळालेल्या पहिल्याच टाळ्या. तेवढ्यात त्या मुलीनं हात वर केला.

“मार्क कुणालाबी द्या, सर. पण उत्तर फळ्यावर लिहायला पायजे. न्हायतर ह्यांना सहाच बरोबर वाटतंय.”

मी खडू तिच्यापुढं धरला. तिनं डावीकडं सहा लिहिलं, उजवीकडं सात लिहिलं, आणि दोन्ही सारखे नाहीत म्हणून k मिळत नाही, असं लिहून खाली रेघ मारली. कुणी मागितला नसताना आलेखही काढला. दोन रेषा तीनपाशी येत होत्या आणि एकमेकींना भेटत नव्हत्या.

“सर, k साडेसहा धरला तर?” मागून कुणीतरी विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत तिनंच सांगितलं, “मग दोन्हीकडनं तुटतंय.”

तास संपल्यावर मी तिला व्हरांड्यात गाठलं. “सगळ्यांनी एकेक बाजू बघून सोडून दिलं. तुला दोन्ही बघाव्याशा का वाटल्या?”

“तुम्हीच सांगितलंय की, दोन्हीकडनं बघायचं.”

“ते मी सगळ्या वर्गालाच सांगितलं होतं.”

“व्हय,” ती म्हणाली. मग मलकापूरची एस.टी. चुकेल म्हणून ती घाईनं जिना उतरून गेली.