जोडलेली नळी आणि ताईचं साक्षगंध

तमाम लहानथोरांस, विशेषतः पंगतीत जेवणाऱ्या सभ्य मंडळींस, इत्तिला देण्यात येते की प्रस्तुत लेखक या जगात आला तो गिळण्याची सोय नसतानाच. अन्ननळी मध्येच तुटलेली. वरचा तुकडा म्हणजे बंद गल्ली, आणि खालच्यानं श्वासनळीशी परस्पर संधान बांधलेलं. अंगावरचं दूध नाकातोंडातून परत यायला लागलं तेव्हा मला धडुत्यात गुंडाळून नागपूरला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी बरगड्यांमधून आत शिरून दोन्ही टोकं जोडली. तेलंगणाच्या हद्दीतल्या, बेल्याजवळच्या आमच्या गावात मला पाहायला रांग लागली होती म्हणे. एवढी कीर्ती पुन्हा कधी वाट्याला आली नाही.

नळी जोडली म्हणजे प्रश्न मिटला, असं सगळ्यांनी धरलं होतं. मी वाढलो, जोडाची जागा मात्र वाढायला तयार नव्हती. मिसरूड फुटली तरी ज्वारीची भाकर मला कोरडी उतरत नसे. आई ती वरणात कुस्करून द्यायची आणि प्रत्येक घासावर पाण्याचा घोट. घरात कोणी आलं की मी ताट उचलून सरकीच्या पोत्यांमागे जाऊन बसे. आडवा झालो की पोटातलं आंबट घशाशी येई, म्हणून डोक्याखाली दोन उशा. अंगानं काडी. व्रणाच्या ओढीनं एक खांदा कललेला, त्यामुळे मी सदा कोणाचं तरी चोरून ऐकतोय असा दिसे. वर्षातून एकदा नागपूरला जाऊन नळी रुंद करून घ्यायची. मग थोडे दिवस मी पोळीसुद्धा खाई, तीही चारचौघांत.

पण खरी बेअब्रू खोकल्याची. श्वासनळी जन्मापासून लिबलिबीत. खोकला आला की चक्क भुंकल्यासारखा आवाज निघे. शाळेत मराठी पोरं मला 'भुंक्या' म्हणत, तेलुगू पोरं 'कुक्का'. कुत्रा तो कुत्राच, दोन्ही भाषांत. वेचणीचा कापूस घरात येऊन पडला की दिवसभर भुंकणं. गावात खोकला म्हणजे टीबी, आणि टीबीच्या घरची पोरगी कोणी करत नाही. हा टीबी नाही असं डॉक्टर सांगत, पण गावभर सांगत फिरायला डॉक्टर थोडेच येणार?

म्हणून ताईचं साक्षगंध ठरलं तेव्हा घरातला मोठा प्रश्न मी होतो. नवरदेवाकडचे लोक पैनगंगेपलीकडचे. त्यांना यातलं काही माहीत नव्हतं, आणि लग्न लागेपर्यंत माहीत होऊ द्यायचं नव्हतं. एकुलता एक भाऊ, त्याला दडवताही येईना.

आईनं मला बजावलं, "तू फक्त पाणी वाढजो. जेवाले बसू नको, लाडवाले हात लावू नको, खोकलू नको."

"अन् श्वास?" मी विचारलं.

"तोबी हळूच घेजो," ताई म्हणाली.

कुंकू लागलं, साडी दिली-घेतली, पंगत बसली. मी पाण्याचा जग घेऊन ऐटीत फिरत होतो. एवढ्यात नवरदेवानं माझं मनगट धरलं. "साळेबुवा, उभे काऊन? माह्या बाजूले बसा." नवरदेवाला नाही कसं म्हणणार? बसलो. वरणभात घोटाघोटानं उतरला. मग त्यानं बुंदीचा लाडू उचलून माझ्या तोंडाशी आणला. साळ्याला नवरदेवाच्या हातचा घास. सगळी पंगत हसून पाहत होती. रवंथ करत बसायची मला लाज वाटली. अर्धवट चावून गिळला.

लाडू थेट जोडावर जाऊन बसला. छातीत कोणी अंगठा रोवावा तसं वाटलं. थुंकीही उतरेना, तोंडात साठायला लागली. उभं राहिलं, हात वर केले की उतरतो, हे मला ठाऊक होतं. पण पंगत मोडून उठणं म्हणजे सोयऱ्यांचा अपमान. बसून राहिलो आणि भुंकलो. मांडवाबाहेरच्या कुत्र्यानं लगेच उत्तर दिलं. पोरं खिदळली.

नवरदेवाची आत्या खिदळली नाही. "पोराले टीबी हाय काय?"

"नाही नाही, सर्दी," माझे वडील म्हणाले. मी पुन्हा भुंकलो.

"अशी सर्दी?" आत्यानं आपलं ताट माझ्यापासून लांब सरकवलं. त्या सरकण्याचा आवाज मला अजून ऐकू येतो.

तेवढ्यात ताई आतून बाहेर आली. नवरी, नव्या साडीत, सोयऱ्यांच्या पंगतीत! "टीबीगिबी काही नाही त्याले. जन्मापासून अन्ननळी जोडलेली हाय, घास अटकला हाय. लपवलं आमीच. सोयरीक मोडाची तर मोडा, पण त्याले उभं राहू द्या!"

तिनं मला काखेत धरून उठवलं. हात वर, पाण्याचा घोट, टाचांवर उड्या. पुन्हा घोट, पुन्हा उड्या. सोयऱ्यांसमोर मी तसा नाचत होतो आणि लाळ शर्टावर गळत होती. शेवटी लाडू उतरला.

एवढ्यावर सुटलो असतो, पण ताटात भात उरला होता. शेवटच्या माणसाचं होईस्तोवर पंगत उठत नाही, आणि शेवटचा माणूस मी. नवरदेवाचे वडील मानाच्या जागी बसलेले. होकार-नकार त्यांच्याच तोंडून यायचा. ताई माझ्यासमोर बसून भात कुस्करत होती, बाळाला भरवायचा असावा तसा. घास, घोट. घास, घोट. माझ्या गिळण्याचा आवाज मांडवभर. सगळ्यांचे खरकटे हात सुकून कडक झालेले. माझे वडील पानाचं तबक घेऊन उभे. मान वर करायची माझी हिंमत होईना.

शेवटचं शीत उतरलं. नवरदेवाचे वडील उठायला गेले आणि मांडी बधिर झाल्यानं पुन्हा खाली बसले. दोघांनी बखोटीला धरून उभं केलं. एका पायावर डुलत, माझ्याकडे बोट करून ते ओरडले, "सोयरीक पक्की समजा, बाप्पा! पण लग्नात या पोट्ट्याले माह्या पंगतीत बसवाल तर याद राखा!"